थोडं म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं

ताई, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना आणि त्यात मी अडकले.

गोदेच्या घाटावर तुझा पिंड ठेवला होता. ऊन चढत होतं, गुरुजींना पुढच्या घरचं काम होतं आणि समोरच्या झाडावर कावळे मजेत बसून होते. मग अशा वेळी जे होतं तेच सुरू झालं. मेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल, ते एकेकाने ओळखायचं आणि मोठ्याने कबूल करायचं. तुझ्या भावाने, नानांनी हात जोडले. "रजू, घराचं आम्ही बघू, जीव अडकवू नको." कावळा ढिम्म. वहिनी म्हणाल्या, "तुझ्या मांजरीला उपाशी ठेवणार नाही." तेव्हा मला वाटलं, आता येईल. तरी नाही. मागून एक मावशी कुजबुजली, "लग्न नाही केलं ना, तेच राहिलं असंल." हे ऐकून तू पिंडासकट उठून बसली असतीस.

शेवटी नाना माझ्याकडे वळले. "मॅडम, तिचं शाळेचं काही राहिलं असेल. तुम्ही बोला."

माझा या प्रकारावर विश्वास नाही. तुझाही नव्हता. कावळाच का, चिमणी का नाही, असं तू गुरुजींना विचारलं असतंस. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला भीती वाटली, की माझ्यामुळेच तो येत नसेल तर? तोंडातून निघून गेलं, "ताई, तुझा नववीचा तास मी घेईन. तुझ्या पद्धतीनं घेईन." आणि कावळा उतरला. शेजारच्या पिंडापाशी भजी ठेवलेली होती. तो त्यांच्यासाठीच आला असणार आणि वाटेत तुझ्याकडे थांबला असणार, हे मला पक्कं माहीत आहे. पण नानांनी डोळे पुसले, सगळे म्हणाले, "तेच होतं हो, तेच राहिलं होतं," आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. त्यांना काय, नववीला विज्ञानाचं कुणी मिळतच नव्हतं.

तेव्हापासून मला नववीची धास्ती आहे. जेवताना आहे, सिडकोच्या भाजीबाजारात आहे, नवऱ्याशी बोलताना आहे. तो म्हणाला, "अगं, नववीचीच पोरं आहेत, वाघ नाहीत." त्याला काय कळणार? वाघ प्रश्न विचारत नाही.

तू माझा वर्ग बघितला आहेस. सहावी-सातवी, टाचणी पडली तर ऐकू यावी. मी शिकवते, मुलं लिहून घेतात, दिवाळीच्या आत निम्म्याहून जास्त पोर्शन पूर्ण. तास संपताना "समजलं का?" विचारते आणि वर्ग एका सुरात "हो मॅडम" म्हणतो. तू एकदा दारातून जाताना ते ऐकलंस आणि स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातली भेंडी उचलत म्हणालीस, "उज्जू, ही तुझी प्रार्थना रोज इतक्या उशिरा का होते?" सगळे हसले. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तुझ्या वर्गात "समजलं का" हा शब्दच नव्हता. तू आत जायचीस, हजेरी घ्यायचीस आणि विचारायचीस, "काय अडलं?" मग थांबायचीस. खडू हातात घ्यायचा नाही, पुस्तक उघडायचं नाही. वर्गातून एक प्रश्न येईपर्यंत तू खिडकीपाशी कंपनीच्या बस बघत उभी. सुरुवातीला मी व्हरांड्यातून जाताना तुझा तो गप्प वर्ग बघितला की दचकायचे. वाटायचं, काहीतरी वाईट घडलंय. मग एखादं पोर तोंड उघडायचं आणि तुझा चेहरा असा व्हायचा, जणू घरी पाहुणे आलेत.

आणि तुझा तो दुसरा नियम. प्रश्न विचारणाऱ्याने उठायचं नाही, बसून विचारायचं. उठायचं उत्तर देणाऱ्याने. तू म्हणायचीस, आपल्या शाळांत पोराला उभं करतात ते शिक्षा म्हणून, नाहीतर पाहुणे आले म्हणून. मग ते आपण होऊन उभं राहून आपलं अज्ञान कशाला सांगेल? म्हणून पोरगं मागच्या बाकावर मांडी ठोकून बसलेलं आणि तू समोर ताठ उभी, असं दृश्य असायचं. तपासणीला आलेल्या साहेबांना ते मुळीच आवडलं नव्हतं. "शिस्त दिसत नाही," म्हणाले. तू म्हणालीस, "दिसते की सर, मी उभी आहे ना."

मला आठवतं, एका मुलीने विचारलं होतं, "बाई, डोळे मिटल्यावर अंधार दिसतो, का काहीच दिसत नाही?" मी बाहेर उभी होते. आता ही काय करणार? तू म्हणालीस, "मला माहीत नाही." अगदी आनंदाने. आणि सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावलेस. मी पण व्हरांड्यात मिटले होते, ते तुला सांगायचं राहिलं.

मला "माहीत नाही" म्हणता येत नाही, ताई. कशामुळे, ते तूच माझ्याकडून काढून घेतलंस. चौथीत असताना मी गुरुजींना काहीतरी विचारलं होतं आणि त्यांनी मला उभं करून वर्गाला म्हटलं होतं, "हिला बघा, हिला एवढंही कळत नाही." ही गोष्ट मी आईला सांगितली नव्हती, नवऱ्याला सांगितली नव्हती. डबे धुताना नळापाशी तुला सांगितली. लोक अशा वेळी "अरेरे" म्हणतात. तू ओल्या हाताने माझी बाही धरून विचारलंस, "पण विचारलं काय होतंस?"

मी म्हटलं, "नदी रात्री पण वाहते का?"

तू हसली नाहीस. "वाहते," म्हणालीस. "पण झकास प्रश्न शे. त्यांनी वर्गाला न्यायला पाहिजे होतं बघायला." तू सटाण्याकडची, पगारांची. बोलायचीस आमच्यासारखंच, पण माया दाटून आली किंवा राग आला की तुझी अहिराणी बाहेर पडायची. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मी नळ तसाच सोडून रडले आणि तू नळ बंद केलास. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

तरी आपलं भांडण मिटलं नव्हतं. मिटणारही नव्हतं, कारण त्यात माझं थोडं बरोबर होतं आणि ते तुला माहीत होतं.

कोमलचं प्रकरण. आठवीची क्षेत्रभेट होती, अंबडला एका लहानशा वर्कशॉपमध्ये. मालकाने पोरांना बिस्किटं दिली, यंत्रं दाखवली, शेवटी म्हणाला, "काही विचारायचं असेल तर विचारा बरं का." आपली बाकीची पोरं शहाणी. असं म्हटलं की विचारायचं नसतं, एवढं त्यांना कळतं. पण कोमल तुझ्या तालमीतली. तिने पत्रा दाबायच्या यंत्राकडे बोट दाखवून विचारलं, "काका, ह्याला पुढे जाळी का नाही? हात गेला तर?" तिचे वडील तिथेच, त्याच यंत्रावर होते. त्यांनी मान खाली घातली. मालक हसून म्हणाला, "हुशार आहे हं मुलगी." आठवड्याभरात तिच्या वडिलांना ब्रेक मिळाला. कायम नसलेल्या कामगाराला काढायचं असलं की म्हणतात तसा ब्रेक. त्या प्रश्नामुळेच मिळाला, असं कुणी सिद्ध करू शकलं नसतं. पण कोमलची आई शाळेच्या फाटकात उभी राहिली आणि तुला म्हणाली, "बाई, तुम्ही पोरीला बोलायला लावलं. आता तुम्हीच सांगा, घरी काय बोलू?"

त्या दिवशी मी तुला खूप लागेल असं बोलले. म्हटलं, "तू वर्गाचं दार बंद करून त्यांना विचारायला शिकवतेस. बाहेरच्या जगाने तुझा नियम वाचलेला नाही. तिथे विचारणाऱ्यालाच उभं करतात." मला खरंच भीती वाटत होती. तुझी पोरं उद्या मुकादमाला विचारतील, सासूला विचारतील, पोलिसाला विचारतील, आणि त्यांच्या मागे उभं राहायला कुणी नसेल. तू तोंड फिरवून बसलीस. मग म्हणालीस, "मग काय करू? तोंडं शिवून टाकू त्यांची?"

तू तिच्या वडिलांसाठी साताठ ठिकाणी फिरलीस, सातपूरला तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांना चिकटवलंस. पण कोमलने नंतर वर्गात तोंड उघडलं नाही. तू रोज थांबायचीस, तिच्या बाकाकडे न बघता तिचीच वाट बघायचीस. तिला एकदा जवळ घेऊन म्हणालीस, "इचार ना पोरी, कोन खाई टाकस तुले?" ती नुसती हसली. ती तशीच दहावी होऊन गेली.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले, त्याच्याशी येते. येववत नाही, पण येते.

तुझं पोट दुखत होतं, जेवण तुटलं होतं, ब्लाउज ढिले झाले होते. मी तुला दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर माणसांची ही रांग. डॉक्टर वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांनी तुझा रिपोर्ट वर धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "थोडं आहे. बघू. औषधं चालू करा, तीन आठवड्यांनी दाखवा." आणि मग त्यांनी विचारलं, ताई. त्यांनी चक्क विचारलं. "काही विचारायचंय?"

मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही डॉक्टरांची शाळा घेणार. थोडं म्हणजे काय? कुठे? आणखी तपासणी आत्ताच का नको? "थोडं" म्हणणाऱ्या पोराला तू कधी सोडलंस का? थोडं पाणी म्हणजे किती, थोडं गरम म्हणजे किती.

तू उठून उभी राहिलीस. डॉक्टर बसलेले आणि तू उभी, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. म्हणालीस, "नाही सर."

मी तोंड उघडलं. "डॉक्टर, थोडं म्हणजे..." एवढंच म्हटलं आणि पदराआडून तू माझं मनगट असं दाबलंस, की बांगडी रुतली. डॉक्टरांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

रिक्षात मी भडकले. मुंबई नाक्याच्या सिग्नलला रिक्षावाला आरशातून बघायला लागला इतकी. "का नाही विचारलंस? मला का नाही विचारू दिलंस?" तू बाहेर बघत होतीस. तशीच म्हणालीस, "चिडी गयात ते?"

डॉक्टर चिडले तर. वर्गातल्या प्रत्येक न बोलणाऱ्या पोराच्या पोटात असतं तेच. बाई चिडल्या तर. तू आयुष्यभर ज्या भीतीशी भांडलीस, ती तुझ्यातच ठाण मांडून बसलेली होती आणि मला ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मला तुझी कीव नाही आली. मी घाबरले. तुझी ही गत असेल तर माझं काय, आणि त्या पोरांचं काय?

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा "थोडं" हा शब्द कुणी वापरला नाही. त्यानंतर विचारायला फार काही उरलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं असतं तर तू वाचली असतीस का? मला माहीत नाही. कदाचित नसतीस. पण ते तुझ्याशी भांडायचं राहिलं. हॉस्पिटलात मी रोज ठरवून यायचे आणि तुझा हात बघून गप्प बसायचे. एकदा तूच म्हणालीस, "उज्जू, तू चिडलीयस ना?" मी म्हटलं, "नाही गं." खोटं होतं. मी अजून चिडलेली आहे. उशी तुझ्यावर फेकून मारावी इतकी चिडलेली आहे आणि तू नाहीस.

आज सोमवार. आज मी नववीवर गेले.

पहिलाच तास. जिन्यात नानांचा फोन आला. म्हणाले, "पोरांना काही सांगत बसू नका मॅडम, दवाखान्याचं वगैरे. तिचा एक आब होता." मी हो म्हटलं. मलाही तेच हवं होतं. ती पोरं तुला देव मानतात. देवाला भीती वाटली, हे कशाला सांगायचं?

हजेरी घेतली. म्हटलं, "काय अडलं?" आवाज माझा मलाच चोरट्यासारखा वाटला. कुणी बोलेना. मी खिडकीपाशी गेले. शांतता कशी असते गं आतून! बाहेरून मी ती किती वेळा बघितली होती, आतून कधी नव्हती भोगली. खडू टेबलावर पडलेला, हात आपोआप तिकडे जायला लागला. वाटलं, एक व्याख्या लिहून टाकावी, पोरं वह्या उघडतील, सुटले.

रोहन म्हणून एक आहे. त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवायला कधी सुरुवात करणार?" वर्ग फिसकन हसला. मीही हसले, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी विचारलंच. "मॅडम, पगारबाई कशाने गेल्या?"

सांगितलं. पोटात गाठ होती, उशिरा कळली.

"उशिरा का कळली?"

मी म्हटलं, आधी कळली तेव्हा नीट कळली नाही. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आहे.

"मग बाईंनी विचारलं नाही का, थोडं म्हणजे काय?"

ताई, ती पोरं तुझी आहेत. चौथ्या मिनिटाला तिथं पोचली, जिथं मी महिनाभर जात नव्हते. मला वाटलं, खोटं सांगावं. विचारलं होतं म्हणावं. कुणाचं काय बिघडणार आहे? नानांना हो म्हटलं होतं, तुझा आब राहिला असता, मीही सुटले असते. सगळी माझ्याकडे बघत होती, आणि मी एकटीच उभी होते.

"नाही विचारलं," मी म्हटलं. "त्यांना भीती वाटली."

आपण काय करून बसलो, असं मला झालं. तुला त्यांच्यासमोर खाली ओढलं, असं वाटलं. मी टेबलाला धरून राहिले.

मग खिडकीकडच्या रांगेतून आवाज आला. दीपाली. ती वर्गात बोलत नाही, हजेरीला नुसता हात वर करते. खाली बघत म्हणाली, "मॅडम, माझ्या मम्मीला पण थोडंच आहे म्हणाले."

ती म्हणाली, "पप्पा म्हणतात डॉक्टरांना जास्त विचारायचं नाही. ते मोठे असतात. शनिवारी परत बोलावलंय." आणि मग, "काय काय विचारायचं असतं?"

मला माहीत नाही, हे शब्द मी म्हटले, ताई. "मला माहीत नाही, दीपाली. पण आपण काढू." तास संपेपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही. पोरं सांगत होती, मी फळ्यावर लिहीत होते. थोडं म्हणजे काय. कुठे आहे. अजून कसली तपासणी असते. वाट बघितली तर काय होईल. रिपोर्टची प्रत मिळेल का. डॉक्टर चिडले तर काय करायचं, हेही कुणीतरी विचारलं. त्यावर बराच वाद झाला. शेवटी रोहन म्हणाला, "चिडू द्यायचं आणि परत विचारायचं." धडा एक ओळही पुढे सरकला नाही.

मधल्या सुट्टीत दीपाली स्टाफरूमच्या दाराशी आली. तिच्या घरून मम्मीबरोबर जायला शनिवारी कुणी नाही, पप्पांची पहिली पाळी आहे. मी म्हटलं, मी येते. तोच दवाखाना, ताई. तेच बाकडं, कदाचित तेच डॉक्टर. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय आणि तेव्हापासून हे लिहीत बसलेय, कारण बोलायला तू नाहीस. शनिवारी माझा आवाज फुटेल का, मला खरंच ठाऊक नाही. मी दीपालीलाही ते सांगून टाकलं. "मला भीती वाटते गं त्या खोलीची," म्हटलं. "ऐन वेळी मला विचारायला नाही जमलं तर?"

ती पोर म्हणाली, "मी विचारीन मॅडम. तुम्ही नुसत्या तिथं थांबा."